भर दुपारी लागलेला पाट

प्रल्हादराव, आधी माझा मूर्खपणा सांगून टाकते, म्हणजे पुढचं बोलायला मी मोकळी. डुमसचा किनारा, रविवारची दुपार, टोमॅटोच्या भज्यांची प्लेट दोघांत एक. आणि समोरून आमच्या गल्लीतली लता, तिचा नवरा रामदास, दोन पोरं आणि सासू अशी वरात चालत येताना दिसली. मी विधवा, तुम्ही विधुर. शहाण्या बाईनं सांगितलं असतं की माल पोचवून परत चाललो होतो, भूक लागली म्हणून थांबलो. टेम्पो मागे उभाच होता. मी म्हणाले, “आमचं शूटिंग चालू आहे.”

कसलं शूटिंग, कुणाचं, मला तरी कुठे ठाऊक होतं. त्याच आठवड्यात अख्ख्या गल्लीनं एका खोलीत कोंबून अहिराणी सिनेमाची सीडी पाहिली होती, तेच डोक्यात घोळत असणार.

लता म्हणाली, “मग कॅमेरा कुठंय?”

“लांब ठेवलाय. जवळ असला की तोंडावर नैसर्गिक येत नाही.”

तुम्हाला ठसका लागला. लताची सासू मात्र तेवढ्यात पदर सारखा करून, समुद्राकडे तोंड करून उभी राहिली. तिला वाटलं, आपणही आलो फोटोत.

सेहेचाळीसची होते मी तेव्हा. गुडघ्यांना तेल आणि डोळ्यांत काजळ, असं ते ध्यान. साड्यांना चिकटवून उरलेल्या पांढऱ्या खड्यांची माळ करून गळ्यात घातली होती, आणि आरशात पाहून आपण कुणीतरी आहोत असं तिला वाटलं होतं. आज ते ध्यान समोर आलं तर आधी त्याला मी पावडर पुसायला लावेन. मग दार लोटून घेईन आणि विचारीन, बये, तो आणखी काय काय म्हणाला गं?

कारण लता दिसायच्या जरा आधीच तुम्ही मला विचारलं होतं, “पाट लावू या का आपण?” भज्यांकडे बघत विचारलंत. माझ्याकडे बघायची हिंमत नव्हती, आणि बरंच झालं, माझ्या हनुवटीला चटणी लागली होती.

तोवर आपली ओळख किती जुनी होती. माझे मालक पांडेसऱ्यात कापड रंगवायच्या डाईंगमध्ये होते, ते गेले तेव्हा रवींद्र शाळेत होता. मी घरी बसून साड्यांना लेस लावायला लागले आणि मार्केटमधून साड्यांचे गठ्ठे आणणारा टेम्पो तुमचा. गल्लीच्या तोंडाशी थांबून तुम्ही हॉर्न द्यायचात, सगळ्यांना एकदा, माझ्या दारासमोर दोनदा. लोकांना वाटायचं, माझ्या दारासमोर खड्डा आहे. मी तुम्हाला “टेम्पोवाले” म्हणायची, तुम्ही मला “सुमनबाई”. तुम्हाला मूलबाळ नव्हतं, बायको अमळनेरला तापानं गेलेली. समोरच्या ओळीतली खोली तुम्ही भाड्यानं घेतलीत तेव्हा मला कळलं होतं, आणि मी कळलं नाही असं दाखवलं होतं.

पाट लावायला आमच्यात मनाई नाही. विधवेचं दुसरं लग्न आमच्या आजीपणजीपासून होतं. फक्त ते कसं होतं, ते मी पाहिलं होतं. माझी धाकटी मावशी, तिचा पाट लागला तेव्हा मी परकरी पोर. दिवस मावळल्यावर, गावाबाहेर, मारुतीच्या देवळामागे. वाजंत्री नाही, हळद नाही, मांडव नाही. सवाष्णींनी त्या बाईचं तोंड बघायचं नाही म्हणून माझ्या आईनंसुद्धा घरात बसून दार लावून घेतलेलं, सख्खी बहीण असून. मी बाभळीमागून डोकावले. मावशी घोंगडीवर, भिंतीकडे तोंड करून बसली होती. चार पुरुष घाईघाईनं काहीतरी उरकत होते. चोरीचा माल वाटून घेतात तसं.

तेच मी तुम्हाला डुमसला सांगितलं. म्हणाले, “तुमच्यात खोट नाही हो टेम्पोवाले. पण अंधारात, पाठ फिरवून मला नाही लग्न करायचं. त्यापेक्षा विधवा बरी. ती निदान उजेडात हिंडते.”

तुम्ही म्हणालात, “बरं.” एवढंच. आणि वर लता आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळाला पाणी यायच्या आधी माझ्या दारात माणसं आली. लता सगळ्यांत पुढे.

“सुमनताई, हिरॉइन तुम्ही, ते राहू द्या, आता वयाकडे कशाला बघायचं. पण मला तुमची बहीण करा. आणि आमच्या रामदासला व्हिलन द्या. घरी तो तेच काम करतो.”

“अगं लते, तसं काही…”

“फुकट करतो म्हणते मी. वर चहा आमच्याकडून.”

कोपऱ्यावरचा पानवाला शेठ व्हायला तयार होता, त्याला फक्त पांढरे बूट हवे होते. भेस्तानहून माझ्या नणंदेचा निरोप आला की नाचायचं असेल तर तिच्याकडे घागरा आहे. मी तुमच्या खोलीकडे पळत आले. तुम्ही टेम्पोची काच पुसत होता. म्हटलं, आता काय करायचं, सांगा लोकांना खरं. तुम्ही फडकं पिळलंत, झटकलंत, दोरीवर वाळत घातलंत. मग म्हणालात, “खोटं बोललात ना? मग आता ते नीट करू. करून टाकू सिनेमा.”

मला वाटलं, माझी लाज राखायला म्हणताय. किती भोळी होते बघा. काजळ घालून भोळी.

लग्नांचे व्हिडिओ काढणारे जिग्नेशभाई तुमच्या ओळखीचे. मंदीचे दिवस, लग्नसराई संपलेली, ते हो म्हणाले. गोष्ट तुम्ही रचलीत. एक टेम्पोवाला स्वतःला मिलमालक म्हणवतो, एक विधवा स्वतःला गावी केळीच्या बागा असल्याचं सांगते. दोघं एकमेकांना फसवतात, दोघंही उघडे पडतात, आणि मग फसवाफसवी संपली म्हणून लग्न करतात. तुम्ही मला ते टेम्पोच्या फाळक्यावर बसवून सांगितलंत तेव्हा मी विचारलं होतं, “या वयात कोण फसतं हो एवढं?” तुम्ही म्हणालात, “याच वयात. लहानपणी अक्कल नसते, म्हातारपणी डोळे नसतात. मधल्या वयात दोन्ही असतं, तरी माणूस फसतो. त्यालाच तर मजा म्हणतात.”

दर रविवारी शूटिंग. तुम्ही मिलमालक म्हणून पानवाल्यासाठी आणलेले पांढरे बूट घातलेत, ते दोन नंबर मोठे, त्यामुळे अख्ख्या सिनेमात मिलमालक बदकासारखा चालतो. रामदासला व्हिलनचं हसू जमेना. लता कडेला उभी राहून सांगायची, “अरे, माझ्या माहेरची माणसं आली की हसतोस ना, तसं हस.” आणि ते बरोबर यायचं. संवाद कुणाचे एका भाषेत नव्हते. मी मराठीत विचारायची, रामदास अहिराणीत धमकी द्यायचा, पानवाला हिंदीत माफी मागायचा आणि जिग्नेशभाई गुजरातीत ओरडायचे, “मासी, कॅमेरा सामे नहीं जोवानुं.” मी दर वेळी कॅमेऱ्याकडेच बघायची. वेडी, दुसरं काय. नवऱ्याकडे बघायचा सीन आणि ही बघतेय काचेकडे, स्वतःचं तोंड दिसतंय का म्हणून.

एकटा रवींद्र आमच्यात नव्हता. माझा मुलगा, तेव्हा नुकतं त्याचं लग्न झालेलं, कापडाच्या प्रोसेस हाउसमध्ये नवा नवा सुपरवायझर. तो घरातून बाहेर पडताना म्हणायचा, “आई, लोक हसतात.” मी म्हणायची, “हसायचाच सिनेमा आहे रे.” तो पुढे काही बोलायचा नाही. ते न बोलणं मला फार लागायचं. तुमच्याशी जे काही होतं ते मी त्याच्यासाठीच दाबून ठेवलं होतं. तुम्हाला ते ठाऊक होतं, आणि तुम्ही कधी त्याच्याविषयी एक उणा शब्द काढला नाहीत.

शेवटचा सीन लग्नाचा. मी म्हटलं, हार घालू, टाळ्या वाजवू, झालं. तुम्ही हट्टाला पेटलात. मांडव हवा. जांभळीचे डहाळे कामरेजच्या बाजूहून टेम्पो भरून आणलेत. हळद जात्यावर दळलेली हवी. बायका जात्याला बसल्या, गाणी म्हणायला लागल्या, आणि जिग्नेशभाई कॅमेरा बंद करून चहाला गेले तरी थांबेनात. मला पाटावर बसवून हळद लावली. लतानं लावली, तिच्या सासूनं लावली, माझ्या सुनेनं लावली. सगळ्या सवाष्णी. एकीचाही हात कचरला नाही. मला वाटलं, सिनेमा म्हणून चालतंय. मालक गेल्यावर बारा-तेरा वर्षांनी माझ्या अंगाला हळद लागत होती, आणि मी आपली, चेहरा पिवळा दिसेल ना हो कॅमेऱ्यात, म्हणून विचारत होते.

मुहूर्त भर दुपारचा. तो कुणी काढला, मी विचारलंच नाही. माझा थोरला भाऊ नाना, दोंडाईच्याजवळच्या आमच्या गावाहून आला. गाडीतून उतरल्यावर गल्लीच्या तोंडापासूनच “उनू बाई, उनू” करत, आल्याची वर्दी देत, फेटा बांधून. मी तुम्हाला विचारलं, “याला कशाला बोलावलंत एवढ्या लांबून, मामा म्हणून मागं उभं राहायला इथं कुणी मिळालं नसतं?” तुम्ही म्हणालात, “चेहरा जुळायला हवा. पडद्यावर खोटं लगेच कळतं.”

गुरुजी आमच्या समाजाच्या मंडळाचे, खरेच. अंतरपाट धरला. इकडे तुम्ही, तिकडे मी. आणि मध्येच ऊन ढगाआड गेलं. जिग्नेशभाई ओरडले की मासीच्या तोंडावर अंधार पडतोय, थर्माकोल धरा कुणीतरी. टीव्हीच्या खोक्यातला एक मोठा तुकडा होता, उजेड परतवायला ठेवलेला. तो उचलायला कुणी पुढे येईना, सगळ्यांच्या हातात अक्षता. तेव्हा मागून, भिंतीला टेकून उभा असलेला रवींद्र आला. त्यानं तो तुकडा दोन्ही हातांनी डोक्यावर धरला आणि वळवत वळवत उजेड माझ्या तोंडावर आणला. मंगलाष्टकं संपेस्तोवर तो तसाच उभा होता. त्याचे हात थरथरत होते, म्हणून माझ्या तोंडावरचा उजेडही थरथरत होता. सिनेमात दिसतं ते. जिग्नेशभाई म्हणाले होते, बिघडलं, पुन्हा घेऊ. तुम्ही म्हणालात, “पुन्हा नाही घ्यायचं. हे एकदाच.”

मग उखाणा. मला कुणी आधी सांगितलं नव्हतं, लतानंच कोपर मारलं. मी तिथल्या तिथे जुळवला:

पांडेसऱ्याच्या धुरात दिसत नाही चांदणं,
प्रल्हादरावांच्या नशिबी माझ्याशी भांडणं.

गल्ली हसली. तुमचं नाव मी पहिल्यांदा तोंडानं घेतलं ते असं, सगळ्यांसमोर, उन्हात.

पंगती उठल्यावर तुम्ही टेम्पोजवळ मला म्हणालात, “सुमनबाई, गुरुजींनी एक अक्षर गाळलेलं नाही. होम खरा, सात पावलं खरी, नानांनी तुमचा हात माझ्या हातात दिला तोही खरा. गुरुजींना मी आधी सांगून ठेवलं होतं. आता तुम्ही सांगायचं. तुम्ही म्हणाल लग्न, तर लग्न. तुम्ही म्हणाल शूटिंग, तर शूटिंग. मी कुणापाशी बोलणार नाही.”

मी तुम्हाला काय काय बोलले त्या दिवशी. नाटकी, लबाड, चोर. मला न विचारता माझं लग्न लावता म्हणजे काय. तुम्ही म्हणालात, “विचारलं होतं. डुमसला. तुम्ही म्हणालात अंधार नको. तेवढंच काढून टाकलं.”

तरी मी म्हणाले, “शूटिंगच होतं ते.” आणि गेले निघून, हळदीच्या अंगानं, ताठ मानेनं, पायात चप्पल घालायची विसरून. मागे वळून बघितलं असतं तर? नाही बघितलं. हिरॉइन वळून बघत नाही असं तिला वाटत होतं.

गल्लीत दोन खांबांना कोरं, न रंगवलेलं ग्रे कापड बांधून सिनेमा दाखवला. तेव्हा मी पाहिलं की मंगलाष्टकांच्या वेळी सगळ्या बायका पदरानं डोळे पुसतायत. मी लताला म्हटलं, “काय रडलीस गं, अगदी खऱ्यासारखं.” ती म्हणाली, “ग्लिसरीन घातलं होतं.” आणि कापडावर माझं ते हललेल्या उजेडातलं तोंड आलं तेव्हा गल्लीत कुणी खोकलंसुद्धा नाही. हसण्याच्या सिनेमाला आलेली माणसं. मी माझ्याच तोंडाकडे बघत राहिले. मला त्या बाईचा हेवा वाटला. तिला किती सरळ बघता येत होतं समोर.

त्यानंतरची वीस-बावीस वर्षं आपलं भांडण एकच. तुम्ही चहाला यायचात, रवींद्रच्या पोरांना टेम्पोत बसवून फिरवायचात, माझ्या हातची कळण्याची भाकरी आणि ठेचा खायचात आणि आपापल्या खोलीत झोपायला जायचात. मी खुशीत असले की विचारायची, “काय हो टेम्पोवाले, ते लग्न होतं की शूटिंग?” तुम्ही म्हणायचात, “तुम्ही ठरवा. कॅमेरा बंद झाला असं मी अजून म्हटलेलं नाही.” कधी मी चिडून म्हणायची, “लग्न असतं तर तुम्ही माझं ऐकलं असतं.” तुम्ही म्हणायचात, “शूटिंग आहे म्हणून तर ऐकतोय.”

माझं पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा तुम्ही तीन वेळा दवाखान्यात आलात. नर्सनं विचारलं, तुम्ही कोण यांचे? मी पडद्यामागे होते, शुद्धीवर होते. तुम्ही म्हणालात, “शेजारी.” मला इतका राग आला. आणि दुसऱ्या क्षणी कळलं की तो राग करायचा हक्क मी स्वतःच काढून टाकलाय. तुम्ही शब्द पाळत होता. एवढा शब्द पाळणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि पाहिला तेव्हा त्याला नाटकी म्हणाले.

रवींद्र काय म्हणेल, हे एक कारण. पण प्रल्हादराव, पोरगा मोठा झाला, बाप झाला, त्याचे केस पिकले, तरी मी त्याच्याच नावावर खपवत राहिले. खरं कारण असं की मला ते भांडण आवडायला लागलं होतं. ‘हो, लग्न होतं’ म्हटलं असतं तर ते संपलं असतं, आणि मग आपण दोन म्हातारी माणसं, गुडघ्यांवर बोलणारी. मला वाटलं, अजून वेळ आहे. एखाद्या संध्याकाळी सहज सांगून टाकू. तुम्ही चहाची बशी तोंडाला लावलेली असताना सांगायचं, म्हणजे सांडेल. असं सगळं ठरवलं होतं मी.

मागच्या महिन्यात सकाळी टेम्पो सुरू करायला म्हणून तुम्ही बसलात, आणि हॉर्न वाजला. एकच, लांब, न थांबता. मी आतून ओरडले, “ऐकू येतंय हो.” मग रवींद्र चप्पल न घालता धावला.

नाव घेऊन मी तुम्हाला कधी हाक मारली नाही. त्या उखाण्यात घेतलं ते घेतलं. आता इथं सारखी घेतेय. राग आला असेल तर येऊन सांगा.

अमळनेरहून तुमचा पुतण्या आला. तुम्हाला अंगणात ठेवलेलं. तोंडात पाणी घालायची वेळ आली तेव्हा बायकांनी वाट केली. माझ्याकरता केली. मला ते कळलंच नाही, मला वाटलं कुणी मोठं माणूस आलंय मागून. लतानं पाठीला हात लावून सांगितलं, “जा ना.” मी म्हटलं, “मी कशाला. मी शेजारीण.” आणि मागे उभी राहिले. बघा, शेवटच्या वेळीसुद्धा. तुळशीचं पान तुमच्या पुतण्यानं ठेवलं.

माणसं तुम्हाला घेऊन गेली. मी घरी आले. गॅस पेटवायला काडी घेतली तर सून, वैशाली, हातातून काडीपेटी काढून घेत म्हणाली, “आई, आज आपल्याकडे चूल नाही पेटवायची.”

“का? मयत समोरच्या खोलीत झालंय.”

तिनं काडीपेटी वर ठेवून दिली. आणि थोड्या वेळानं एकेक करून बायका यायला लागल्या, झाकलेल्या ताटल्या घेऊन. पिठलं, भाकरी, खिचडी. ज्या घरातलं माणूस जातं त्या घरी शेजारी अन्न नेतात. तुमचा पुतण्या तिकडे समोरच्या खोलीत एकटा बसला होता, त्यालाही एक ताट गेलं, पण बाकी सगळं माझ्या ओट्यावर. लता भांडं ठेवून गेली नाही, भिंतीला टेकून माझ्याशेजारी जमिनीवर बसली. नवरा गेलेल्या बाईशेजारी बसतात तशी, गुडघ्याला गुडघा लावून.

मी म्हणाले, “लते, तुम्हाला ठाऊक होतं?”

“कधीचं.”

“कधीपासून?”

“ताई, जिग्नेशभाईकडे कुठलं आलंय ग्लिसरीन. त्याच्याकडे दुसरी बॅटरीसुद्धा नव्हती.”

मी हसले. पिठल्याच्या ताटल्यांच्या मध्ये बसून, तुम्ही जाऊन एक दिवस झाला नव्हता, आणि मी हसले. मग मला आवरेना.

लतानं सांगितलं ते असं. तुम्ही गल्लीत कुणाला शब्दानं बोलला नव्हता. पण जात्यावरची हळद दळताना तिच्या सासूनं, त्या पदर सावरणाऱ्या म्हातारीनं, सगळ्यांना एवढंच म्हटलं होतं की पोरींनो, हे दळण खरं आहे, मन लावून दळा. एकीनंही विचारलं नाही की खरं म्हणजे काय. मांडवात बायका जाणूनबुजून आल्या. पाट उघड लागत नाही, सवाष्णींनी बघायचं नसतं, पण सिनेमाचं शूटिंग बघायला कुणाची मनाई नव्हती. माझ्या एका खोट्याच्या आडोशाला सगळी गल्ली उभी राहिली आणि मला हळद लावून गेली.

प्रल्हादराव, या गल्लीत कुणाच्या डाळीत मीठ जास्त पडलं तर तिसऱ्या दाराला कळतं. इथं कुणाचं पोरगं नापास झालं तर निकालाच्या आधी पेढे परत येतात. त्या गल्लीनं एवढी वर्षं तोंड मिटून ठेवलं, कारण माझ्या तोंडून यायचं होतं. आणि मी समजत होते, फसवतेय कोण तर मी. मला त्या दिवशी भिंतीला टेकून, तुमच्या मरणाच्या दुःखाहून मोठं काहीतरी वाटलं. देवळात घंटेखाली उभं राहिल्यावर वाटतं तसं. मग लाज वाटली की दुःख असं बाजूला सरकलं कसं. मग वाटलं, तुम्हाला चाललं असतं. तुम्हीच ती सगळी माणसं एका मांडवात गोळा केली होती.

रवींद्र तापीवरून परत आला तो ओल्या कपड्यांनी. आमच्यात न बोलण्याचीच रीत. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं डोक्याचे केस काढलेले पाहिले. न्हाव्याकडे पुतण्याबरोबर जाऊन आला होता. वैशालीनं चहा दिला, तो प्यायला, आणि डोक्यावरून हात फिरवत म्हणाला, “गार लागतंय.” मी आतून तुमचीच लोकरी टोपी आणून दिली. त्यानं घातली.

दहावा तुमच्या पुतण्यानंच केला, रवींद्र शेजारी बसला. मी घरात होते. बाहेर भांडी वाजत होती, आणि ओळखीच्या आवाजात कुणीतरी वैशालीकडे माझी चौकशी करत होतं. नाना आला होता. आता तो काठी घेऊन चालतो, एका कानानं ऐकतो, गाडीत बसायला दोन माणसं लागतात. मी त्याला कळवलंसुद्धा नव्हतं. काय म्हणून कळवायचं होतं? कुणी कळवलं ते मी अजून विचारलेलं नाही. वैशाली मान खाली घालून पाणी घेऊन गेली, त्यावरून काय समजायचं ते समजले.

तो बसला. पाणी प्यायला. मग पिशवीतून कागदात गुंडाळलेली साडी काढली. फिकट, बारीक काठाची. नवरा गेलेल्या बाईला दहाव्याच्या दिवशी माहेरहून साडी येते, भाऊ आणतो. तिलाच येते, दुसऱ्या कुणाला नाही. माझे मालक गेले तेव्हा याच नानानं अशीच आणली होती, आणि मी ती न बघता पेटीत टाकली होती.

मी हात मागे घेतले. म्हटलं, “नाना, मला कशाला आणलीस? माझा काय हक्क? मी कधी एका शब्दानं त्यांना हो म्हटलं नाही. सगळ्या जगासमोर शूटिंगच म्हणत राहिले.”

नानानं साडी माझ्या मांडीवर ठेवली, वर हात दाबून धरला, आणि म्हणाला, “सुमे, मी काय शिनेमामा दिसाले उनथू का तवय? मी बहीण देवाले उनथू.”